इझेतची माफी

"तुझं काळीज मोठं," रामो म्हणाला. "मी असतो तर आलोच नसतो."

मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर इझेतचा जनाजा ठेवला होता, वर हिरवी चादर. नमाजाला अजून अवकाश होता. माणसं भिंतीकडेला उभी राहून सिगरेटी ओढत होती.

वेहिदने काठी या हातातून त्या हातात घेतली. "का रे? भिंतीला भिंत लागून घर त्याचं. रोज सकाळची कॉफी त्याच्या अंगणात. मी नाही यायचं तर कोणी?"

"तेच म्हणतोय मी. त्यानेच तुझा पाय मोडला, आणि तू त्याच्याच हातची कॉफी पीत आलास."

"सरावात लागतं कधीकधी. गवत ओलं होतं, घसरला बिचारा."

हे वाक्य वेहिदने आयुष्यभर म्हटलं होतं. फुटबॉल खेळाडूंना अठ्ठाविशी उलटल्याशिवाय देशाबाहेर जाता येत नसे, त्या काळची गोष्ट. वेहिदची अठ्ठाविशी उलटली होती. जर्मनीच्या एका क्लबाशी बोलणं पक्कं झालं होतं आणि शिंप्याकडे नवा सूट शिवायला टाकला होता. त्याच आठवड्यात सरावात त्याच्याच संघातला इझेत दोन्ही पायांनी त्याच्यावर आला. हाड कातडीतून बाहेर दिसत होतं. इझेतनेच त्याला गाडीत घालून सारायेवोच्या इस्पितळात नेलं. वाटभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडला. पुढे मैदानावरच्या राखणदाराची नोकरीही त्यानेच खटपट करून मिळवून दिली. लढाईच्या हिवाळ्यात स्वतःची लाकडं फोडायच्या आधी तो वेहिदची फोडायचा.

रामो त्याच्याकडे बघत राहिला. रामो त्या संघाचा गोलकीपर. त्याचे पंजे अजूनही फावड्याएवढे होते.

"तुला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"अरे, आम्हाला वाटायचं तू ओळखलंस आणि गिळलंस. सगळे म्हणायचे, वेहिद म्हणजे देवमाणूस, एका शब्दाने कधी बोलला नाही."

"काय गिळलं मी, रामो?"

रामोने आवाज खाली आणला. "तू गेलास की आपण खालच्या गटात. खालच्या गटात गेलो की क्लब बुडाला, आणि आम्ही सगळे पुन्हा खाणीत कामाला. तू मजेत जर्मनीत. कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं ना? इझेत तयार नव्हता, हे मात्र खरं. आम्हीच त्याच्या मागे लागलो. एवढा मोडायचाच नव्हता रे. महिनाभर लंगडला असतास, जर्मनांनी दुसरा कुणी पाहिला असता. इतकंच ठरलं होतं."

"ठरलं होतं," वेहिद म्हणाला.

"आता काय त्याचं! मेला बिचारा." रामोने सिगरेट बुटाखाली चिरडली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "चल, माणसं उभी राहायला लागली."

इझेतचा मुलगा दामिर गर्दीतून वाट काढत आला. डोळे सुजलेले. त्याने वेहिदच्या कोपराला धरून त्याला पहिल्या रांगेत नेलं. "काका, तुम्ही इथं, माझ्याजवळ. बाबांना सख्खा भाऊ असता तर तो इथंच उभा राहिला असता."

वेहिदने रांगेवरून नजर फिरवली. त्याला डावीकडून चेंडू पुरवणारा फिक्रेत. मधल्या फळीतला आदेम, आता बोळका. त्यांच्या पलीकडे आणखी तिघे. प्रत्येकाने त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली, दुःखात एकमेकांकडे बघून हलवतात तशी.

जनाज्याचा नमाज, तो उभ्या उभ्याच झाला. मग इमाम लोकांकडे वळला.

"बंधूंनो, इझेत तुमच्यात राहिला, तुमच्यात वागला. कळत-नकळत कुणाला त्याने दुखावलं असेल. त्याला माफ केलंत का?"

"माफ!" अख्खं अंगण एका आवाजात म्हणालं. वेहिदच्या मागून रामोचा आवाज आला. पेनल्टी अडवल्यावर तो असाच ओरडायचा.

वेहिद गप्प राहिला. आपल्याकडे कुणीतरी वळून बघेल असं त्याला वाटलं. कुणी बघितलं नाही.

"माफ केलंत का?" इमामाने रिवाजाप्रमाणे पुन्हा विचारलं.

"माफ!"

फिक्रेतचे डोळे मिटलेले होते. आदेम रुमालाने नाक पुसत होता. आता तिसरं, शेवटचं विचारणं. त्याने काठी जमिनीत रोवली आणि छातीत मावेल तेवढा श्वास भरून घेतला.

"माफ केलंत का?"

"नाही!" वेहिद ओरडला. गळ्याच्या शिरा ताणून, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत ओरडला.

पण त्याच क्षणी दोनशे माणसं ओरडली होती. त्यांचा आवाज मिनारावरून परत आला तोवर पुढच्या रांगेतली माणसं जनाजा उचलायला वाकलीही होती.

कबरस्तान टेकडीवर होतं. वेहिद सगळ्यांत मागून पोहोचला, तेव्हा इझेतला खाली उतरवून वर तिरक्या फळ्या लावून झाल्या होत्या. माणसांनी बाजूला सरून त्याला वाट दिली. दामिरने फावडं त्याच्या हातात ठेवलं.

"आधी तुम्ही, काका. मघाशी शेवटच्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता. बाजूलाच होतो ना मी. मला भरून आलं हो."

वेहिदने त्याच्याकडे बघितलं. मुलाची जिवणी थेट बापासारखी होती. त्याने काठी गवतात टाकली, फावडं भरलं आणि माती फळ्यांवर घातली. चिकणमाती होती, जड. त्याने पुन्हा भरलं. पुन्हा. पाय लटपटत होता, श्वास घशात घरघरत होता, तरी तो भरत होता आणि घालत होता. रामोने पंजाने डोळे पुसले.

शेवटी दामिरने हळूच त्याचा हात धरला.

"बास, काका. बाकीच्यांनाही पुण्य लागू द्या."