खानावळ ठरलेलं घर

"साहेब, तुमच्याकडे कुणी वारलं, तर जेवण कोण आणून देतं?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शर्वाणीने शाळेत आलेल्या ऊर्जा अधिकाऱ्याला भर सभेत विचारलं. शेजारचे गवंडेकाका गेले होते. त्यांच्याकडे चूल पेटणार नव्हती, म्हणून आईने पिठलं-भात नेऊन दिला. घरातल्या माणसांना लागतं त्यापेक्षा जास्त शिजल्याचं सरकारने बसवलेल्या स्मार्ट शेगडीने ओळखलं, शर्वाणीच्या घराला खानावळ ठरवलं आणि विजेची सवलत बंद केली.

"मग परवाना काढा की," अधिकारी हसला.

शर्वाणी तणतणत घरी आली. बाबा आईला सांगत होते, "आता काकूंकडे जेवण नको पाठवायला."

"जाणार," शर्वाणी म्हणाली. "काकूंचा भात मी अंगणात विटांवर शिजवणार. आणि ही चुगलखोर शेगडी उद्या त्या साहेबाच्या टेबलावर नेऊन आपटणार."