मागे न पाहता

वेरूळ ते औरंगपुरा रिले शर्यतीच्या वाटेवर पाणी, केळी आणि स्वयंसेवक जागोजागी पोचवून श्रीधर सर दौलताबाद घाटातल्या वळणावर येऊन बसले. इथे अमेय वरून धावत येणार होता आणि त्याच्या हातची बॅटन घेऊन वैदेही पुढे धावणार होती.

ती पाठमोरी उभी होती. उजवा हात मागे, पंजा उघडा. मागे पाहायचं नाही, बॅटन हाताला टेकली की सुटायचं, हे सरांनीच घोटून घेतलं होतं. सरावात ते मुद्दाम हाका मारत आणि जो वळेल त्याला मैदानाला फेरी मारायला लावत.

वरच्या रस्त्यावर पावलं वाजू लागली. सरांनी पाहिलं. रस्ता रिकामा होता.

तेवढ्यात अमेयचा फोन आला. "सर, पाय मुरगळला. खुलताबादलाच मला गाडीत घेतलंय. बॅटन माझ्याजवळच आहे. वैदेहीला सांगा."

पावलं जवळ आली होती.

"वैदेही, मागं बघ!" सर ओरडले.

"नाय हं सर!" ती हसली. "आज नाही फसणार."

"अगं पोरी, खरंच बघ! अमेय येत नाहीये!"

"मग मागून कोण पळत येतंय?" तिने मान वळवली नाही.

सर गुडघे सांभाळत तिच्याकडे धावले. पावलं तिच्या पाठीशी येऊन थांबली. तिची बोटं कशावर तरी मिटली.

"अमेय, सोड की आता," ती म्हणाली, आणि हात तसाच मागे ताणलेला ठेवून उतारावर धावत सुटली.