लाल फुली

पूर्वी औषधाचा नवा रेणू प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंच्या लाल पेनाखालून जायचा. आता त्यांची लाडकी विद्यार्थिनी दिवसभर एआयशीच गुलुगुलु बोलायची आणि तो चुटकीसरशी ढीगभर रेणू काढून दाखवायचा. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या त्याच्या रेणूंवर भराभर फुल्या मारत सुटल्या. “हा पोटात टिकणार नाही, तो यकृताला झेपणार नाही.” आज विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. “बाई, तुमच्या सगळ्या फुल्या मी त्याला शिकवल्या. आता तो तसले रेणू सुचवतच नाही, आणि दुसरा चालेलसा एकही त्याला सापडत नाही. तिकडे पेशंट ताटकळलेत आणि आपलं गाडं अडलंय.” बाईंना आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण त्यांनी कालचा कागद पुढे ओढला. “हा रेणू उत्तम आहे. इथून सुरुवात कर.” “मग ही फुली? चुकून?” “नाही गं,” पेनाला टोपण लावत बाई म्हणाल्या, “जळून.”