गळ्यावरची रेघ

"रेघ राहिली," बिस्मिल्लाबी म्हणाली.

शब्बीरनं आईचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नळदुर्गात हमरस्त्याच्या कडेला, लिंबाला टेकवलेल्या पत्र्यावर त्यानं बलभीम ड्रायव्हरच्या मेलेल्या आईचा चेहरा काढला होता. कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर आणि जत्रेत काढलेल्या फोटोत होती तशी थोडी रागावलेली नजर. शब्बीरच्या हातून उतरलेला हा पहिला माणूस. पस्तिशी गाठली तरी तो आजवर माणसाच्या वाटेला गेला नव्हता.

कुणापाशी शिकला म्हणाल, तर कुणापाशीच नाही. आधी मोहरमच्या ताबुतांसाठी चमकीच्या कागदाच्या वेली कातरायचा. मग दुकानांच्या उर्दू पाट्या रंगवू लागला. निजामी गेली, पाट्या बदलल्या, तेव्हा कचेरीवरच्या नव्या पाटीपुढं उभं राहून त्यानं मराठी अक्षरं गिरवून घेतली. रस्त्यावर ट्रक वाढले तसा ऑइलपेंटवर आला. काड्यापेटीवरची, कॅलेंडरवरची पाखरं बघून मोर आणि पोपट काढू लागला.

तेव्हाच आईनं अट घातली. जिवंत वस्तूचं चित्र काढायचं नाही, आणि काढलंच तर गळ्यावरून आडवी काळी रेघ ओढायची. म्हणजे यात जीव नाही, हे वर अल्लाला कळतं. शब्बीरनं प्रत्येक पाखराच्या गळ्यावर रेघ ओढली. ट्रकवाल्यांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधलाय. झालं! सोलापूर ते हैदराबाद, दोऱ्याशिवाय मोर कुणी घेईना. दुसरे पेंटरसुद्धा दोरा काढायला लागले. बिस्मिल्लाबी खूश, ड्रायव्हर खूश. खरं काय ते शब्बीरनं कुणालाच सांगितलं नाही.

बलभीम ढाब्यावरून चहा पिऊन आला आणि चित्रापुढं उभा राहिला. मग नाक पुसून म्हणाला, "आईच हाय ही. लई बेस, शब्बीरभाई. केबिनमधी समोरच लावतो. तेवढा काळा दोरा घाला गळ्यात, म्हंजी झालं."

"बघ, त्येला बी पायजे," बिस्मिल्लाबी लेकाला म्हणाली.

शब्बीरनं ब्रश काळ्या रंगात बुडवला, पत्र्यापाशी नेला आणि तसाच मागं घेतला.

"बलभीमराव, दोरा न्हाय त्यो. गळा कापल्याची खूण हाय. चित्रात जीव न्हाय, असं सांगायची."

"माझ्या मोराच्या गळ्यावर बी?"

"व्हय."

बलभीमनं कडेला लावलेल्या ट्रकवरच्या मोराकडं बघितलं. सहा वर्षं तो त्या मोराला रोज सकाळी उदबत्ती ओवाळत होता.

"आरं बाबा," तो म्हणाला. "आईला रेघ नगा ओढू मग."

"न्हायच ओढणार." शब्बीर ब्रश चिंधीला पुसू लागला.

"शब्बीर!" बिस्मिल्लाबीच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "कयामतीला तुझी चित्रं तुझ्यापुढं मांडतील. म्हणतील, काढलंस न्हवं, आता जान घाल. काय करशील?"

"मला कुठं येतीय जान घालायला, अम्मा? मान खाली घालून उभा राहीन. देतील ती सजा घेईन." त्यानं पुसलेला ब्रश खाली ठेवला. "बारा वर्सं झाली. जीव लावून काढायचं, आन् आपल्याच हातानं कापायचं. तुमी म्हणला म्हणून केलं. आता न्हाय. हितनं फुडं माणसंच काढणार, आन् रेघ न्हाय ओढणार."

मायलेकांच्या मध्ये पडण्यापेक्षा गेलेलं बरं, असा विचार करून बलभीमनं ओला पत्रा दोन्ही हातांनी कडेला धरून उचलला आणि जपून ट्रककडं नेला.

ट्रक सुरू झाला, सोलापूरच्या अंगाला निघून गेला. शब्बीर डबे झाकू लागला. आईनं जेवायचं टाकलं, बोलायचं टाकलं, तरी माघार घ्यायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

बिस्मिल्लाबी उठली. रिकामं खोकं ओढत उजेडात आणलं आणि त्याच्यासमोर ताठ बसली.

"माझं काढ."

"तुमचं, अम्मा?"

"व्हय. आन् रेघ नगं." तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "कयामतीला तुला कुणी म्हणलं ना, जान घाल, तर मला हाक मार. मी येऊन उभी राहीन."