हजेरी

ती इस्त्री करत होती आणि तिचा नवरा दारात उभा राहून बघत होता. जर्सी नऊ नंबरची होती, तिच्या पहिल्या नवऱ्याची. कॉलर झाली, बाह्या झाल्या. पाठीवरच्या आकड्यावरून तर तिनं इस्त्री इतकी हळू फिरवली, जसा काही आत माणूसच होता.

"आणि माझी?" त्यानं विचारलं.

"दोरीवर आहे."

त्यानं दोरीवरची चुरगळलेली जर्सी ओढली, अंगात घातली आणि तोंड फुगवून मैदानाची वाट धरली.

आज क्लबचा स्मृतिसामना होता. क्लबचे तीन खेळाडू लढाईत गेले होते, नऊ नंबर त्यातलाच एक. तो सैन्यात भरती झाला तेव्हा संघातली त्याची जागा या दुसऱ्या नवऱ्याला मिळाली, म्हणून सगळे याला बदली म्हणायला लागले. पुढे घरातही त्याचीच जागा मिळाली आणि ते नाव कायमचं चिकटलं. तोंडावर कोणी हसत नसे. पाठीमागे हसत असणार, याची बदलीला खात्री होती.

जिवंत माणसावर जळणं सोपं. त्याला कधीतरी चार शब्द सुनावता येतात. मेलेल्याशी काय भांडणार? तो पलंगावर ओला टॉवेल टाकत नव्हता, घोरत नव्हता, पेनल्टी बाहेर मारत नव्हता. उलट गेल्यापासून त्याचे गोल वाढतच चालले होते. दर वर्षी कोणाला तरी एखादा नवा आठवायचा.

पण बदलीचं खरं पोट दुखायचं ते हजेरीनं. सामन्याआधी क्लबचे सचिव गेलेल्यांची नावं शाळेतल्यासारखी पुकारायचे आणि पहिल्या रांगेतून घरचं कोणीतरी 'हजर' म्हणायचं. ती जर्सी मांडीवर घेऊन बसायची. नाव आलं की मान खाली घालून तो शब्द म्हणायची, अगदी मऊ आवाजात. त्या आवाजात तिनं बदलीला कधी जेवायलासुद्धा बोलावलं नव्हतं. दर वर्षी तो ते ऐकायचा आणि दर वर्षी सामना सुरू होताच कोणाला तरी आडवा पाडायचा.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. मैदान गप्प झालं. यंदा सचिव नवे होते, परगावाहून आलेले. त्यांनी पहिलं नाव घेतलं, एका म्हाताऱ्या वडिलांनी 'हजर' म्हटलं. दुसऱ्या नावाला बहिणीनं उत्तर दिलं. तिसऱ्या नावाआधी बदलीनं दात आवळले.

सचिवांनी पुकारलेलं नाव त्याचं स्वतःचं होतं. नाव, आडनाव, सगळं.

जुन्या यादीतलं तिसरं नाव पुसट झालं होतं, म्हणून सचिवांनी ते पहिल्या रांगेतल्या तिच्या प्रवेशपासावरून उतरवलं होतं. बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असतं, तेव्हा गेला तो हाच, असं त्यांनी सरळ धरलं होतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी फिसकन हसलं. शेजारी उभ्या गोलकीपरनं तू कधी गेलास म्हणून हळूच विचारलंही.

बदलीनं हात वर केला नाही. चूक सांगायला तोंड उघडलं नाही. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण त्याला हे हवं होतं. एकदाच तिनं तो शब्द त्या आवाजात आपल्यासाठी म्हणावा. तेवढ्यासाठी मेलेलं असणंही त्याला त्या घटकेला चाललं असतं. तो तिच्याकडे बघत राहिला.

ती पांढरीफटक पडली होती. इस्त्री केलेली जर्सी मांडीवरून घसरून चिखलात पडली, तिचं लक्षही नव्हतं. ती उभी राहिली. हजेरीला ती कधीच उभी राहत नसे. तिचा आवाज फाटला आणि पार शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"गैरहजर," ती म्हणाली. "आणि या यादीत गैरहजरच राहू दे त्याला."