चव तीच

तिसऱ्या ग्लासातला घोट तोंडात फिरवताना काकांना वाटलं, संपलं. आपली जीभ गेली.

त्यांनी कोमट पाण्याने चूळ भरली, कोरड्या पावाचा तुकडा चावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चारशे अठरा. सातशे बावन्न. नऊशे छत्तीस. ग्लासांवर एवढेच आकडे. खोलीत लाल दिवा, म्हणजे रंगावरून ओळखायची सोय नाही. तिन्हींपैकी दोन ग्लास एका बिअरचे, एक दुसरीचा. वेगळा तेवढा काढून दाखवायचा. बिअरच्या कारखान्यात चव तपासायची हीच रीत, आणि काका सव्वीस वर्षं तेच काम करत होते. त्यापायी त्यांनी मिरची सोडली, तंबाखू सोडली, अत्तर सोडलं. "आता माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणंही सोडा," असं बायको म्हणायची. तेवढं मात्र सुटलं नव्हतं.

टेबलापलीकडे नव्या मालकांनी पाठवलेले साहेब बसले होते. शेजारी वही उघडून बातमीदार बाई. बिअरच्या धंद्यावर त्यांचं दर आठवड्याला सदर यायचं. कारखाना विकला गेल्यापासून बार्ली कमी आणि मका जास्त पडतोय, बिअर पातळ झालीय, असं त्यांनी मागे लिहिलं होतं, 'कारखान्यातल्या एका जाणकारा'च्या हवाल्याने. हा जाणकार कोण, हे फाटकावरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. साहेबांनी उत्तरादाखल फाटकापासून चौकापर्यंत फलक लावले : मालक नवे, चव तीच!

आणि आज हा सामना. जुन्या बिअरचं एक शेवटचं क्रेट थंड खोलीत राखून ठेवलं होतं. जुनी आणि नवी, समोरासमोर. काकांनी फरक ओळखला तर फलक उतरवायचे. नाही ओळखला तर काकांनी उद्यापासून घरी बसायचं.

"काका, तीन ग्लास आहेत, तीन डोंगर नाहीत," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

काकांच्या कानामागून घाम ओघळला. बार्लीची बिअर गिळल्यावर मागे काहीतरी ठेवून जाते, पावाच्या भाजलेल्या कडेसारखं. मक्याची नुसती सरकते. इथे तिन्ही सरकत होत्या. मागच्या आठवड्यातली सर्दी भोवली की काय? अंदाजाने एक ग्लास उचलावा का? तिनात एक संधी होती.

त्यांनी पावाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. चावता चावता थांबले.

"हा पाव कालचा आहे का गं?"

उत्तराचं बंद पाकीट धरून उभी असलेली प्रयोगशाळेतली मुलगी दचकली. "हो काका. ताजा आणायचा राहिला."

काकांनी मोठा श्वास सोडला. जीभ जागेवर होती.

"तिन्ही एकच आहेत," ते म्हणाले.

"असं चालत नाही," साहेब म्हणाले. "एक निवडायलाच हवा, नियम तुम्हालाच पाठ."

"वेगळा असला तर निवडेन ना! तिन्ही नव्या. तिन्ही मक्याच्या."

साहेब खुर्चीत रेलून हसले. "लिहा बाई. सव्वीस वर्षांच्या जिभेलाही फरक कळला नाही."

"लिहिलं," बाई म्हणाल्या. "आता पाकीट उघडा."

मुलीने चिठ्ठी वाचली. "चारशे अठरा जुनी. बाकी दोन नव्या." तिचा आवाज पडला होता.

"ती जुनी बाटली दाखव," काका म्हणाले.

मुलीने लाल दिवा घालवून पांढरा लावला आणि बाटली उलटी-सुलटी केली. मग नुसतीच बघत राहिली. "काका, मी क्रेटवरची चिठ्ठी बघितली होती, बाटली नाही. हिच्यावर तर गेल्याच महिन्याची तारीख आहे. जुनी बिअर काढणं बंद होऊन चार महिने झाले."

थंड खोलीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या स्टोअरकीपरला बोलावणं गेलं. कारखाना त्यांना कुलूपमामा म्हणायचा. जुडगा वाजवत मामा आले.

"मामा, ही त्या जुन्या क्रेटमधलीच बाटली ना?"

"क्रेट तेच, साहेब. बाटल्या बदलल्या."

"बदलल्या? कुणी सांगितलं होतं?"

"तुमच्या बढतीची पार्टी नव्हती का कँटीनमध्ये? बिअर कमी पडली. तुमचाच फोन आला, थंड असेल ती पाठवा म्हणून. थंड तेवढीच होती. दुसऱ्या दिवशी नव्या बाटल्या भरून क्रेट जागच्या जागी ठेवलं."

"आणि कुणाला एका शब्दाने सांगितलं नाहीत!"

"त्यात सांगायचं काय?" मामांना खरंच नवल वाटलं. "फाटकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, चव तीच."

बाईंचं पेन सरसर चाललं होतं. साहेबांचा चेहरा पडला, आणि मग एकदम उजळला.

"पण बघा! पार्टीत पन्नास माणसं जुनी बिअर प्यायली. कळलं कुणाला? एकालाही नाही! हे लिहा, बाई."

"असं कसं, साहेब?" मामा कौतुकाने म्हणाले. "तुम्हीच दोनदा आत आलात की विचारायला. 'मामा, आज ही कुठली काढलीत? रोज हीच का देत नाही?'"

बाईंनी वहीचं पान उलटलं. काकांनी शिळ्या पावाचा उरलेला तुकडा उचलला आणि सावकाश, डोळे मिटून खाल्ला.