हत्तीचं इंजेक्शन

“कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी सर्कशीतल्या हत्तीला इंजेक्शन दिलंय!” नलूआत्या म्हणाली.

केतकीने फ्रिजमधून हार्मोनचं इंजेक्शन काढलं. मूल व्हावं म्हणून हा तिसरा प्रयत्न. रोज टोचणारी नर्स आज अडकली होती आणि डोस चुकवायचा नव्हता. स्वतःच टोचायचं, तिने ठरवलं. पण सुई पोटाजवळ नेली की हात मागे येत होता.

“हत्ती हलला नाही?” बेंबीशेजारची कातडी चिमटीत धरत तिने विचारलं.

“हलतोय कसला! सोंडेत कापूस धरून उभा. वर म्हणतो कसा, ‘नलूताई, हात हलका हो तुमचा!’”

“मराठीत?”

“मग! मिरजेचा हत्ती तो.”

केतकीला हसू फुटलं. या वेळी हात मागे आला नाही. तिने सुई टोचली, औषध पूर्ण आत ढकललं.

“आत्या, खोटारडे! हत्तीला टोचणारी बाई पदरात तोंड लपवून बसते होय? काढ बाहेर, माझं टोचून झालंय!”